वही इथेच राहिली

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

एसटीत बसलास तेव्हा खिडकीतून बघितलंही नाहीस. रविवारी मी वही आपटली, ते चुकलंच माझं. ती इथेच राहिली, की मुद्दाम ठेवलीस? काल दुकान बंद केल्यावर शांतपणे चाळली.

अकरा गणितं चुकलीत आणि त्यातली नऊ एकाच जातीची. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर', तू लिहिलंस ५ − क्ष. (तुमचा एक्स, माझ्या हातून क्षच उतरतो.) इंग्रजीत पाच आधी आला, तूही आधी लिहिलास. सातवीपर्यंत 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' वाचून क्ष − ५ बरोबर लिहायचास, कारण मराठीत संख्याच आधी येते. म्हणजे तुला बीजगणित येत नाही असं नाही रे, सेमी-इंग्रजीला गेल्यावर वाक्य उलटं झालं. आणि मी तुझी अक्कल काढली.

एक कर. राशी लिहून झाली की क्षच्या जागी १२ घाल. बारापेक्षा पाच कमी म्हणजे सात. ५ − १२ केलं तर उणे सात. चूक तिथेच सापडते. 'दुपटीत ३ मिळवले' आणि '३ मिळवून दुप्पट केली' यांतही बारा घालून बघ. एकाचे २७, दुसऱ्याचे ३०. दुसऱ्याला कंस हवा, तो तू उरलेल्या दोन्ही गणितांत खाल्लास.

पण सरांना का नाही विचारलंस? पोरं हसतील म्हणून? हसू देत. न विचारता बसणारा माणूस पुढे कुठेही... बघ, सुरू झालो. आई म्हणते, पत्रात तरी ओरडू नका.

आप्पा सांगायचे, भास्कराचार्य अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे, आणखी अज्ञात आल्या की कालक, नीलक, पीतक असे रंग. तू रंगीत खडू घेऊन सगळी ओटी रंगवलीस आणि दिवसभर त्यांच्या मागे, "पिवळा कधी येणार? हिरवा का नाही?" जेवू दिलं नाहीस त्यांना. तेव्हा कुठे लाजायचास?

मीही नववीत विचारलं नव्हतं. पुढचं काकाने सांगितलंच असेल.

वही शुक्रवारच्या गाडीने पाठवतो, लाडवांच्या डब्याखाली आहे. रविवारी फोन केलास की आधी आईशी बोल. तिच्या गुडघ्याचं मी कळवलं असं म्हणू नकोस. आणि सरांना विचारलंस का, तेवढं मला सांग.

तुझे,
बाबा