आधी त्यांना कळलं, मग मला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईने विषय माझ्या तब्येतीवर नेला आणि मीही जाऊ दिला. समोर कागद असला की विषय बदलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात घरी आले होते, तेव्हा आईने तिचा फोन माझ्याकडे दिला होता. जागा भरली आहे, फोटो निघत नाहीत, जरा बघ, म्हणून. फोटो हलवता हलवता मध्येच बातम्यांचं अ‍ॅप उघडलं गेलं. पहिल्याच बातमीखाली जाहिरात होती. जाड मुठीचा चमचा, हात थरथरला तरी सांडणार नाही असा. आणखी खाली गेले तर मेंदूविकाराच्या उपचारांची जाहिरात. मला वाटलं, वय बघून सरसकट सगळ्यांना दाखवत असतील. म्हणून बाबांच्या फोनवर तेच अ‍ॅप उघडून पाहिलं. तिथे गुडघ्याचे पट्टे होते, श्रवणयंत्रं होती. चमचा नव्हता.

मग फोटोंचा आकार कसा कमी करायचा ते शोधावं म्हणून आईच्या फोनवर सर्चच्या चौकटीत बोट ठेवलं, आणि खाली जुने शोध उघडले. "उजवा हात थरथरतो कारण". "थरथर किती वर्षांत वाढते". "कंपवात मुलांना होतो का".

तिसरी ओळ वाचली आणि फोन पालथा ठेवला.

आई, ते मी वाचायला नको होतं. ठरवून वाचलं नाही, पण वाचलं. मला माफ कर. तू आमच्यापासून हे लपवून का ठेवलंस ते मी विचारणार नाही. सांगायचं तेव्हा, सांगायचं त्याला सांगावं, हा तुझा हक्क आहे. माझा सगळा राग त्याचाच आहे की तो हक्क तू वापरायच्या आधीच कोणीतरी तुझ्या हातून काढून घेतला. तू बाबांना सांगितलं नव्हतंस, मला नाही, डॉक्टरांना नाही. आणि तुझ्या मनातली सगळ्यात मोठी भीती चमचे विकणाऱ्याच्या जाहिरातीला माहीत होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी नुसतंच म्हटलं, "बाबा, या कंपन्या फार माहिती गोळा करतात हो." तुम्ही म्हणालात, "करू देत. आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" आई तिथेच बसली होती. उजवा हात पदराखाली घेऊन.

बाबा, तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत. मी आठवी-नववीत असताना शेजारच्यांनी नवी गाडी घेतली, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, त्यांच्या खात्यात किती पैसे असतील हो? तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालात, "ते त्यांचं त्यांना ठाऊक." तुम्हाला आकडा ठाऊक होता. शेजाऱ्यांकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, तरीही तुम्ही सांगितलं नाहीत. कारण ती माहिती तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली होती, तुमच्या मालकीची नव्हती. मला एवढंच म्हणायचं आहे. चोरी लपवणं वेगळं आणि आपलं आपल्यापाशी राहणं वेगळं.

हे घडतं कसं ते नीट सांगते, कारण "कंपन्या माहिती विकतात" एवढंच म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. गूगल किंवा फेसबुकवाली मेटा तुमच्या नावाची फाइल बांधून कोणाला विकत नाही. ती फाइल हाच त्यांचा धंदा आहे, ती ते हातातून कशाला सोडतील? ते विकतात तुमच्यापर्यंत पोचायची वाट. "साठीच्या पुढच्या, अलीकडे स्वयंपाकाच्या वस्तू बघितलेल्या बायका" अशा माणसांसमोर जाहिरात लावून मिळते. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिला २०२३ साली सुमारे ३०७ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले जवळजवळ २३८ अब्ज निव्वळ जाहिरातींचे. फुकटात मिळणाऱ्या नकाशाचा, ईमेलचा, व्हिडिओचा खर्च तिथून निघतो.

आई, तू थरथरीबद्दलचं एखादं पान उघडतेस, तेव्हा बहुतेक वेळा त्या पानावर डोळ्यांना न दिसणारा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला पिक्सेल म्हणतात. कोणत्या फोनवरून, किती वाजता, कोणतं पान उघडलं, हे तो पान चालवणाऱ्याला सोडून तिसऱ्याच कंपनीला कळवतो. शिवाय पान पूर्ण उघडायच्या आत, पापणी लवते न लवते तोवर, तिथल्या जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्या कंपन्यांना तुझ्या फोनला जाहिरातींसाठी दिलेला एक ओळख-क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे), अंदाजे ठिकाण आणि पानाचा विषय पाठवला जातो. लिलाव एकच जिंकतो. पण माहिती हरलेल्यांकडेही पोचलेली असते, आणि ती त्यांनी विसरून जावी यासाठी त्यांच्यावर पाळत ठेवणारं तिथे कोणी नसतं. माहितीचे दलाल यातूनही माल उचलतात, आणि ते मात्र खरोखर याद्या विकतात.

आजारपणाच्या बाबतीत तर हे फार वाईट पद्धतीने घडलं आहे. अमेरिकेत गुडआरएक्स नावाचं औषधांवर सवलत देणारं अ‍ॅप आहे. लोकांच्या औषधांची आणि दुखण्यांची माहिती त्याने फेसबुक, गूगल आणि इतरांना दिली, देणार नाही असं सांगून दिली, असा आरोप ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ साली ठेवला. कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. औषधाचं नाव कळलं की आजार कळतोच, ते वेगळं विचारावं लागत नाही.

बाबा, तुमचं दुसरं म्हणणं होतं, "एवढ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय?" यावर मला २००६ सालची गोष्ट सांगायची आहे. एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने संशोधकांना उपयोगी पडतील म्हणून साडेसहा लाख माणसांचे सुमारे २ कोटी शोध खुले केले. नावं काढून प्रत्येकाला नुसता क्रमांक दिला होता. काही दिवसांतच पत्रकारांनी एका क्रमांकाचे शोध वाचत वाचत एका वयस्कर बाईंचं घर गाठलं. नाव नव्हतं, पण गावाबद्दलचे प्रश्न होते, आडनावं होती, दुखणी होती. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की त्यातली बरीच दुखणी त्यांची नव्हतीच. मैत्रिणींना धीर द्यावा म्हणून त्या मैत्रिणींच्या आजारांची माहिती शोधत असत. यादीत मात्र त्या स्वतःच आजारी दिसत होत्या. माणूस का विचारतो हे यंत्राला कळत नाही, काय विचारतो तेवढंच उरतं. "मुलांना होतो का" हा प्रश्न कुठल्या रकान्यात गेला असेल, कोण जाणे. तो एका आईने विचारला होता, हे रकान्यात मावत नाही.

तुम्हालाच सांगते आहे असं नाही, मीही हेच करत आले. मागच्या वर्षी एका कंपनीकडून माझी स्वतःची माहिती मागवली. युरोपात २०१८ पासून तसा कायदाच झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी ही सोय जगभर दिली आहे. काही तासांनी फाइल आली. त्यात मी कधीकाळी "परवानगी द्या" वर बोट ठेवून चढवलेली माझी सगळी नंबरांची वही होती. काकांचा नंबर होता. काकांनी उभ्या आयुष्यात असा फोन हातात धरला नाही, आणि त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांचं नाव, त्यांचा नंबर तिथे मी नेऊन ठेवला. त्यांना न विचारता. तेव्हापासून "माझी माहिती" हा शब्द मला पुरा वाटत नाही. आपल्या एका होकारात दहा जणांचा होकार धरलेला असतो, आणि त्या दहांना पत्ताही नसतो.

फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो का, असं आई नेहमी विचारते. जाहिरातींसाठी तसं ऐकतात याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. खरं तर त्यांना गरजच पडत नाही, आपण काय उघडलं, कुठे थांबलो, कोणाशेजारी राहतो, एवढ्यावर त्यांचं भागतं. हुकूम ऐकणाऱ्या त्या बोलक्या डब्यांचं (स्मार्ट स्पीकर) मात्र वेगळं आहे. त्यांच्या काही ध्वनिफिती माणसं बसून ऐकत होती, हे २०१९ साली उघड झालं. तुमच्याकडे तसला डबा नाही, नकोच.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल घाबरू नका, पण पूर्ण निर्धास्तही राहू नका. २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यापलीकडे कोणाला वाचता येत नाही, हे खरं आहे. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं हे त्या कुलपाखाली येत नाही. तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. रात्री अडीचला मुलीला फोन आणि सकाळी दवाखान्याला फोन, यात शब्द एकही नाही, तरी गोष्ट पुरी झाली. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सअ‍ॅप घेतलं, तेव्हा दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत असं युरोपियन कमिशनला सांगितलं होतं. २०१६ मध्ये जुळवायला सुरुवात केली. चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१७ साली ११ कोटी युरोंचा दंड झाला. म्हणून कंपनीच्या शब्दापेक्षा मी फोनमधल्या बटणावर जास्त विश्वास ठेवते.

तर बटणांचं. पुढच्या वेळी आले की तिघं मिळून करू, तासाभराचं काम आहे. बाबांच्या अँड्रॉइडमध्ये जाहिरातींसाठीचा तो ओळख-क्रमांक पुसून टाकता येतो. आईच्या आयफोनवर अ‍ॅप विचारतं, "इतर अ‍ॅप्समध्ये तुमचा मागोवा घेऊ का?" तिथे नाही म्हणायचं. आई, हा प्रश्न अ‍ॅपलने २०२१ साली सक्तीचा केला, आणि पुढच्या वर्षी मेटाने सांगितलं की त्यामुळे १० अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसेल. तुझ्यासारख्यांच्या एका "नाही"ची ही किंमत आहे, त्यामुळे आपल्या म्हणण्याने काय होतंय असं म्हणू नकोस. गूगलच्या खात्यात जुने शोध तीन महिन्यांनी आपोआप पुसले जावेत असं लावून ठेवता येतं, ते लावू. बाकी बारीकसारीक मी बघते.

आणि आता हात. आई, मी डॉक्टर नाही, पण एवढं मला माहीत आहे की हाताची थरथर म्हणजे कंपवातच असं नाही. थायरॉइड वाढला तरी थरथर होते, काही औषधांनी होते, आणि काहींना नुसतीच थरथर असते जी कंपवातापेक्षा पूर्ण वेगळी आणि पुष्कळ जास्त आढळणारी आहे. यातलं कुठलं, ते तपासल्यावरच कळतं. तुला जाहिराती मात्र फक्त घाबरवणाऱ्याच दिसल्या, कारण घाबरलेला माणूस लवकर बोट ठेवतो. महिनाभर तू रोज बातम्या वाचायला फोन उघडलास आणि रोज तुला तेच दाखवलं गेलं. तो महिना तू एकटीने काढलास, हे माझ्या मनातून जात नाही.

बाबा, तुम्हाला हे या पत्रातून कळावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून आईला कालच मेसेज करून विचारलं, बाबांना पत्रातून कळलं तर चालेल का. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, "लिही". तिने होकार दिला म्हणूनच लिहिलं आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी येते. तोवर डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा, मीही सोबत येईन. रात्री झोप लागली नाही तर मला फोन करायचा. मी आवाज चालू ठेवून झोपते आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, चौकटीखालचे ते शोध मी पुसलेले नाहीत. ते तुझे आहेत. कसे पुसायचे ते दाखवेन, मग तुला हवं तेव्हा तू पूस.