झाडीपट्टीच्या नाटककाराचा लेख: रविवारपर्यंत मत नोंदवा

सदस्यहो, मराठी विकिपीडियावरच्या त्या झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या) नाटककाराच्या लेखावर उल्लेखनीयतेची, म्हणजे स्वतंत्र लेख ठेवण्याइतके संदर्भ आहेत का, अशी शंका आली आहे. लेखाच्या चर्चापानावर मत लिहा. नुसतं 'ठेवा' किंवा 'वगळा' नको, कारण द्या.

झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाट्यमंडळांनी त्यांची नाटकं रात्र-रात्र रंगवली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपल्याला ठाऊक असणं हा संदर्भ नव्हे. जाहिरात, मंडळाची स्मरणिका चालणार नाही. त्रयस्थाने लिहिलेलं परीक्षण, प्रबंध किंवा सविस्तर लेख हवा; ओझरता उल्लेख पुरत नाही. छापील संदर्भ चालतो, तो नेटवर असायलाच हवा असं नाही. म्हणून जुन्या पुरवण्यांची कात्रणं असतील तर तारीख-पानासह कळवा.

काहीच मिळालं नाही, तर मजकूर 'झाडीपट्टी रंगभूमी' लेखात हलवू. आणि हो, त्या नाटककाराचे नातलग असाल तर तसं आधीच सांगा, म्हणजे हितसंबंध लपलेला राहणार नाही.