पेद्री काचेचा नाही, बाबा

ति. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

"पोरगं गुणी आहे, पण काचेचं" असं बाबा फोनवर पेद्रीबद्दल म्हणाले. पेद्री म्हणजे स्पेनच्या बार्सिलोना क्लबच्या मधल्या फळीतला फुटबॉलपटू, आणि काचेचं म्हणजे सारखं दुखापतीनं बाहेर बसणारं. आईनं विचारलं, एवढ्या लहान वयात घरच्यांनी त्याला लांब पाठवलं तरी कसं? फोनवर या दोन्हींचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून लिहिते.

आधी आईचं. पेद्री तेगेस्तेचा. हे छोटं गाव तेनेरिफे बेटावर आहे. बेट स्पेनचं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, आणि बार्सिलोना तिथून विमानानं तीन तासांच्या वर. जन्म 25 नोव्हेंबर 2002 चा. घरची खाणावळ, आणि आजोबांनी गावात बार्सिलोनाच्या चाहत्यांचं मंडळ काढलेलं. आपल्याकडे पेठेतलं पोर तालमीच्या संघाच्या रंगात वाढतं, तसाच हा त्या रंगात वाढला. मध्ये रेआल माद्रिदनं चाचणीला बोलावलं होतं. तिथं बर्फामुळं सराव विस्कटला आणि शेवटी नकार मिळाला. 2018 मध्ये तो लास पाल्मासच्या युवा संघात गेला. हा क्लब शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरचा आणि तेनेरिफेचा जुना वैरी. म्हणजे आई, पहिली उडी शेजारच्या बेटापर्यंतच होती. सतराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, तेव्हा मोठा भाऊ त्याच्यासोबत राहायला गेला.

लास पाल्मासचे प्रशिक्षक पेपे मेल यांनी 2019 च्या उन्हाळ्यात त्याला थेट मोठ्या संघात घेतलं. 18 ऑगस्टला उएस्काविरुद्ध पहिला लीग सामना, आणि महिनाभरात हिहोनविरुद्ध पहिला गोल. त्याआधीच, 2 सप्टेंबरला, बार्सिलोनानं 50 लाख युरोंना करार केला होता, पण तो जुलै 2020 पासून लागू होणारा. माझ्या मते त्याच्या सुरुवातीच्या काळातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. लगेच नेलं असतं तर तो राखीव संघात नाहीतर बाकावर बसला असता. इथं लास पाल्मासकडून स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये 42 फेऱ्यांपैकी 36 सामन्यांत तो खेळला, तेही तिशीतल्या दणकट गड्यांशी. मधल्या फळीतल्या पोराला हे लागतंच. आघाडीवाल्याला बराचसा खेळ समोर दिसतो. मधल्याच्या पाठीमागूनही माणूस येत असतो, आणि तो किती वेगानं येतो हे धक्का खाल्ल्याशिवाय कळत नाही.

बाबा, तुम्ही शाहू स्टेडियमवर बॉलबरोबर मान फिरवत मॅच बघता. पेद्री तसा बघितला तर अर्धा सुटतो. बॉल दुसऱ्याकडं असतानाच त्याच्याकडं बघा. पास निघायच्या आधी तो दोन-तीनदा खांद्यावरून मागं बघून घेतो. मग अंग तिरकं करतो, म्हणजे एका बाजूला पास देणारा आणि दुसऱ्या बाजूला समोरचा गोल, दोन्ही नजरेत राहतात. बॉल घेतो तो शक्यतो लांबच्या पायावर, आणि पहिल्याच स्पर्शात धावून येणाऱ्याच्या उलट दिशेला काढतो. कुणीच अंगावर आलं नाही, तर मुद्दाम थांबतो. समोरचा एक पाऊल पुढं आला की त्यानं सोडलेल्या जागेत पास. 6 जुलै 2021 ला युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध वेम्बलीवर त्याचे 66 पैकी 65 पास अचूक गेले. अठरा वर्षांचा होता! स्पेन पेनल्टीवर हरलं, पण स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच ठरला.

आता काचेचं बघू.

2020-21 च्या मोसमात बार्सिलोनासाठी तो 52 सामने खेळला. मार्च 2021 मध्ये स्पेनच्या मुख्य संघात आला. युरोच्या सहा सामन्यांत तो फक्त स्वित्झर्लंडविरुद्धच्या जादा वेळेत अगदी शेवटी बाहेर बसला. इटलीच्या सामन्यानंतर सोळाव्या दिवशी जपानमध्ये ऑलिंपिकचा पहिला सामना, 7 ऑगस्टला ब्राझीलविरुद्ध अंतिम सामना, रौप्यपदक. सगळे मिळून 73 सामने, वर्षही पुरतं झालेलं नाही. आणि 15 ऑगस्टला लीगच्या पहिल्याच सामन्यात तो पुन्हा पहिल्या अकरांत!

नुसत्या 73 या आकड्याला मी फार घाबरत नाही. खरा घोळ असा, की त्या उन्हाळ्यात त्याची मोसमाआधीची तयारीच झाली नाही. एरवी या चार-सहा आठवड्यांत आधी विश्रांती, मग मांड्यांची ताकद, मग पूर्ण वेगाच्या धावा हळूहळू वाढवत नेतात. वर्षभर पुरायची शिदोरी तिथं बांधली जाते. मोसम सुरू झाल्यावर दर तीन-चार दिवसांनी सामना असतो, आणि एका सामन्याचा थकवा स्नायूंतून जायलाच दोन-तीन दिवस लागतात. मग ताकद वाढवायची कधी?

व्हायचं तेच झालं. सप्टेंबर 2021 मध्ये मांडीचा पुढचा स्नायू दुखावला. महिनाअखेरीस बेनफिकाविरुद्ध उतरला आणि पुन्हा बाहेर, तो थेट जानेवारीपर्यंत. एप्रिलमध्ये फ्रँकफर्टविरुद्ध मांडीचा मागचा स्नायू गेला आणि मोसम 22 सामन्यांवर संपला. पुढचा स्नायू कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत दोन सांधे ओलांडतो, त्यामुळं लांब किक आणि अचानक ब्रेक या दोन्हींत ताणला जातो. मागचा जातो तो बहुधा पूर्ण वेगात, पाय पुढं टाकून आवरताना. दोन्हींत फसवणूक एकच: चालताना, हलकं धावताना दुखत नाही, म्हणून माणूस बरा झाला असं वाटतं. खरी परीक्षा म्हणजे दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या जवळपास आली का, आणि थकल्यावरही पूर्ण वेगात धावता येतं का. त्याआधी उतरवलं की तीच जागा पुन्हा फाटण्याचा धोका मोठा.

युरो 2024 मध्ये जर्मनीच्या क्रोसच्या धडकेनं गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, दुखावला, तो मात्र या हिशोबात धरू नका. तशी धडक कुणालाही बसली असती. त्यानंतरच्या 2024-25 च्या मोसमात बार्सिलोनाचे नवे प्रशिक्षक फ्लिक यांनी त्याला थोडं मागं, दोघांच्या जोडीत खेळवलं, तंदुरुस्तीचं काम बघणारी माणसंही नवी आली, आणि तो पन्नासहून जास्त सामने खेळला. पोरगं तेच, बाबा.

पुढच्या वेळी तो लंगडत बाहेर आला की समालोचकाचं ऐकण्याआधी एवढं बघा: आधीचा सामना किती दिवसांपूर्वी झाला, गेल्या महिन्यात तो किती मिनिटं मैदानावर होता, आणि दुखावलेला स्नायू पूर्वीचाच आहे का. मग काय ते फोनवर भांडू.

तुमची लेक