परदेशी जाणाऱ्या दत्तक मुलांसोबत त्यांच्या दिनक्रमाचे एक पान द्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातील संस्थेतून मूल दत्तक घेऊ पाहणारी अमेरिकेतील तीन मराठी जोडपी गेल्या वर्षभरात माझ्याशी बोलली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न कागदपत्रांचा होता आणि त्यानंतरचा मुलाच्या खोलीचा. ते मूल आज सकाळी किती वाजता उठते, कोणाच्या शेजारी झोपते, भात कशाशी कालवून खाते, हे संस्थेला विचारावे असे कोणालाच सुचले नव्हते. २०१८ मध्ये मुलगी दत्तक घेताना आम्हालाही सुचले नव्हते आणि त्याचा त्रास आमच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला झाला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कागदपत्रांची वाट लांब असली तरी आखलेली आहे. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकविधानासाठी नियम घालून दिले, परदेशी दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय हेग करारास भारताने २००३ मध्ये मान्यता दिली, आणि आज ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय कोणतेही मूल दत्तक म्हणून कायदेशीररीत्या देशाबाहेर जात नाही. आमच्या वेळी दत्तक आदेश न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. पालकांची तयारीही कागदावर आहे: हेग करारातील देशातून मूल आणणाऱ्या पालकांना अमेरिकेत किमान १० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते आम्ही मन लावून घेतले. तरीही मनात कुठेतरी असे होते की हे सारे गोऱ्या पालकांसाठी आहे. मूल आपल्या मातीतले, भाषा आपली, वरणभात आपला, मग आपल्याला वेगळे काय शिकायचे? माझी सर्वांत मोठी चूक हीच.

मुलीसाठी आम्ही स्वतंत्र खोली सजवली होती. संस्थेत ती वीसेक मुलांबरोबर ओळीने घातलेल्या गाद्यांवर, रात्रभर चालू असलेल्या दिव्याच्या उजेडात, मुलांना सांभाळणाऱ्या मावशींच्या पायांचा आवाज ऐकत झोपत असे. त्या निःशब्द, अंधाऱ्या, दार लोटलेल्या खोलीत ती पहिल्या रात्री पलंगावर चढलीच नाही, पहाटेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवाणखान्यात तीन गाद्या ओळीने घातल्या, दिवा चालू ठेवला आणि पुढचे पाच महिने तसेच झोपलो. शॉवरचे पाणी अंगावर येताच ती किंचाळायची. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या भारतीय दुकानातून बादली आणि तांब्या आणल्यावर आंघोळ सुरळीत झाली. उशीखाली पोळीचे तुकडे सापडू लागले तेव्हा मी तिला रागावले. ते रागावणे आजही मला सलते. तिच्या हाताला येईल असा शेंगदाणे-गुळाचा डबा रात्रंदिवस उघडा ठेवल्यावर काही आठवड्यांत ते तुकडे आपोआप थांबले.

संस्थेतून निघताना तिच्या अंगात असलेला फ्रॉक मी हॉटेलवर पोचताच धुवायला टाकला. नवे कपडे आणले होतेच. परत आलेला फ्रॉक तिने नाकाशी धरला आणि ती जी रडू लागली, तशी नंतर कधीही रडली नाही. त्या कपड्याला असलेला मावशींचा, तिच्या गादीचा, तिथल्या साबणाचा वास हेच तिचे सामान होते, हे मला तेव्हा कळले. मूल घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी कळकळीने सांगते की, तो कपडा निदान काही आठवडे धुऊ नका.

घराइतकीच घरच्या माणसांचीही तयारी लागते आणि मराठी घरांत ती अधिक अवघड आहे, कारण आपल्याकडे मूल सगळ्यांचे असते. विमानतळावर पंधरा माणसे आली होती. मुलगी प्रत्येकाच्या कडेवर हसत गेली आणि सगळे म्हणाले, किती लाघवी आहे! अनेक हातांतून वाढलेले मूल अनोळखी माणसाकडेही सहज जाते. आपले माणूस कोणते, हे त्याला अजून ठरवायचे असते. म्हणून पहिले काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे फक्त आईवडिलांनीच करायचे असते. नातीला एक घास भरवण्यासाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना हे ऐनवेळी सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सहा महिने आधी फोनवर निवांत समजावले असते, तर त्या दुखावल्या नसत्या. त्यांनीच पुढे रोज संध्याकाळी गोष्टी सांगून तिचे मराठी टिकवले. नाहीतर इंग्रजी शाळा सुरू झाल्यावर मुलांची पहिली भाषा काही महिन्यांत पुसली जाते.

‘मुलगी कुणाची, कोणत्या जातीची’ हा प्रश्न नातेवाइकांकडून येतोच. त्याचे उत्तर नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवावे आणि ते एकच असावे: तिच्या जन्माची हकिगत तिची आहे, मोठी झाल्यावर सांगायची की नाही हे ती ठरवेल.

रजेचाही विचार आधी करावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मिळणारी १२ आठवड्यांची रजा बिनपगारी असते आणि ती लहान कंपन्यांना लागू नाही, तेव्हा तेवढे पैसे पलंग-पडद्यांवर न घालता बाजूला ठेवावेत.

संस्थेने दिलेल्या बाल अध्ययन अहवालात आमच्या मुलीची उंची, वजन, लसी, तपासण्या सारे व्यवस्थित होते. माझी महाराष्ट्रातील दत्तक संस्थांना विनंती आहे की, त्यासोबत मुलाला सांभाळणाऱ्या मावशींच्या शब्दांत एक पान द्यावे: झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, रडल्यावर काय केले की थांबते, कोणते गाणे लागते, जिवलग मित्र-मैत्रीण कोण. मावशींना लिहिणे जमत नसेल तर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. जिथे मूल मराठी न येणाऱ्या घरी जाते, तिथे ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’, ‘शू आली’ असे वीस-पंचवीस शब्दही उच्चारासह द्यावेत. मूल गेल्यावर दोन वर्षांत परदेशातून सहा पाठपुरावा अहवाल येतात; त्यांतला पहिला तरी त्या मावशींना वाचून दाखवावा. आमच्या मुलीने वर्षभर विचारले होते की, मी कुठे आहे हे मावशीला माहीत आहे का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपली,
एक दत्तक पालक,
न्यू जर्सी, अमेरिका