शुश्रूषेचे ज्ञान नातेवाइकांच्या हाती द्यावे

महोदय,

आरोग्यसंकटात माणसे लवकर बदलतात आणि संस्थांना वेळ लागतो, याचा दोष नियमावलीला दिला जातो. माझ्या मते खरे कारण सामान्य माणसावरचा अविश्वास हे आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. तरीही कित्येक तज्ज्ञ साशंकच राहिले (शिरेतली सुई अधिक शास्त्रीय वाटते, हेही त्यामागे असावे), आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अतिसार नियंत्रण कार्यक्रम सुरू व्हायला १९७८ उजाडले.

कोविडच्या काळात घरगुती विलगीकरणाच्या निमित्ताने हाच विश्वास नाइलाजाने दाखवावा लागला. साथ ओसरताच मात्र नातेवाईक पुन्हा केवळ देयक भरणारे आणि भेटीच्या वेळेची वाट पाहणारे झाले. पक्षाघात किंवा दीर्घ आजाराच्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याची कूस बदलणे, नळीतून अन्न देणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे हे घरच्यांकडून प्रत्यक्ष करवून घेणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक करावे.

— एक वाचक