दादरच्या फलाटावर चौकटीची वही उघडणाऱ्या काकांना

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितोय. वाचालच.

आपल्या चार-पाच हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) स्टेशनांपैकी कोणी कोणाला कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकलं हे बाकीच्यांना लगेच कळावं, एवढंच करणारा प्रोग्रॅम मला लिहायचा होता. डीएक्स क्लस्टर, म्हणजे कोणी कोणाला ऐकलं हे हॅम एकमेकांना कळवतात ते नेटवर्क, त्यातल्यासारखी एक ओळ, तिला स्पॉट म्हणतात: ऐकणाऱ्याचा कॉलसाईन (स्टेशनचं ओळखनाव), किलोहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी, ज्याला ऐकलं त्याचा कॉलसाईन, कमेंट, शेवटी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, आणि तारीख मी माझ्याकडून जोडली होती. पण पहाटेचे स्पॉट गायब व्हायचे, नेमके पहाटेचे, चाळीस मीटरच्या रेडिओ बँडवर लांबची स्टेशनं येतात तेव्हाचेच. तीन महिने डोकं फोडलं. आधी ज्यांना विचारलं त्यातला एक म्हणाला क्लस्टर आहे की, नवीन कशाला करतोस, दुसऱ्याने मेसेज वाचून उत्तरच दिलं नाही, आणि हे सगळे वर्षानुवर्षं एअरवर असलेले सीनियर लोक. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बदलापूरहून लोकलने आलात आणि दादरला फलाटावरच्या बाकड्यावर बसून पिशवीतून चौकटीची वही काढलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झालेला, तरी आदल्या रात्री बसून माझे बारा स्पॉट तुम्ही उतरवले होते, पेन्सिलीने, एका चौकटीत एक अक्षर, रकाना संपतो तिथे लाल रेघ. प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणता तुम्ही! "नमस्कार मुंबई" या माझ्या कमेंटला मात्र 37 चौकटी दिल्या होत्यात, कारण यूटीएफ-8 मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट, म्हणजे तीन चौकटी घेतं, आणि रकाना 30 चा, म्हणून सात चौकटी रेघेपलीकडे वेळेच्या रकान्यात चढलेल्या. बाकी सगळे म्हणायचे इंग्लिश टाक ना सरळ. तुम्ही म्हणालात, "नमस्कार काढू नकोस, जागा वाढव."

मग एका ओळीवर बोट ठेवलंत, वेळ 2350, तारीख आजची, आणि मला दिसेपर्यंत गप्प बसलात. पहाटेचे 5:20 म्हणजे यूटीसीत आदल्या दिवसाचे 23:50, तिथली तारीख आपल्या साडेपाचला बदलते, मी वेळ यूटीसी घेत होतो आणि तारीख आपली, म्हणजे स्पॉट पूर्ण 24 तास पुढचा ठरत होता आणि समोरचा प्रोग्रॅम तो टाकून देत होता. उत्तर तुम्हाला आदल्या रात्रीच माहीत होतं काका, फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं, तरी ते मला माझं मला सापडू दिलंत.

सिग्नल नॉइजमध्ये बुडालेला असताना पाच वेळा कॉलसाईन विचारून नवख्याचा क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) पूर्ण करणारी माणसं आपल्या छंदात अजून आहेत, म्हणून तर नवीन पोरं टिकतात.

आज पहाटे 5:12 चा स्पॉट गेला, 2342, तारीख कालची, सगळ्यांकडे पोचला. वही माझ्याकडेच आहे, ती परत देणार नाही. रविवारी नवी घेऊन येतो, चौकटीचीच.