टॅरोचे पत्ते पाठ करू नका, पाहा

संपादक महोदय,

टॅरो म्हणजे चित्रांच्या ७८ पत्त्यांवरून भविष्य किंवा सल्ला वाचण्याची पद्धत. तिच्या अनेक वर्गांत पहिल्याच दिवशी ७८ अर्थांची यादी हाती पडते. ती घोकता घोकता शिकणाऱ्याचा हुरूप संपतो आणि पत्ता समोर आला की डोळे चित्राकडे न जाता आठवणीत शब्द शोधू लागतात.

७८ पैकी २२ पत्ते मेजर अर्कानाचे, म्हणजे आयुष्यातल्या मोठ्या घडामोडींचे. उरलेले ५६ चार रंगांत, प्रत्येकी १४. वँड्स (छड्या) म्हणजे उमेद आणि काम, कप्स (पेले) म्हणजे नाती, स्वर्ड्स (तलवारी) म्हणजे विचार आणि वाद, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पैसा आणि घरदार. एक्का सुरुवात दाखवतो, पंजा खटका, दश्शी शेवट. एवढ्या सूत्रावर चाळीस पत्त्यांचा अंदाज येतो. बाकीचे काम चित्र करते. मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या पत्त्यांवर पेले-तलवारी नुसत्या मोजून मांडलेल्या असत. १९०९ मध्ये लंडनला निघालेल्या रायडर-वेट संचासाठी चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी त्या जागी प्रसंग रंगवले. कप्सच्या पंजावर काळ्या झग्यातला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे मान खाली घालून पाहतो, पण त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत. ‘नुकसान’ एवढेच पाठ केलेल्याला ते दोन दिसतच नाहीत! डेथ या तेराव्या पत्त्याने घाबरणाऱ्यांनीही क्षितिजावर दोन मनोऱ्यांमधला सूर्य पाहावा.

पुस्तक आणि पत्ते एकाच परंपरेचे हवेत. वेटच्या संचात ८ वा पत्ता स्ट्रेंग्थ आणि ११ वा जस्टिस; मार्सेयमध्ये नेमके उलट.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा डाव, म्हणून पिसण्याला इथेही तितकेच महत्त्व आहे. नवा संच बहुधा क्रमाने लावलेला असतो. तो वरवर पिसला तर मेजरचे पत्ते लागोपाठ निघतात आणि नवशिका त्यात मोठी कलाटणी वाचतो. नीट पिसलेल्या संचातून तीन पत्ते काढले तर तिन्ही मेजर येण्याची शक्यता पन्नासात एखादीच. सगळे पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही हातांनी मिनिट-दोन मिनिटे कालवावेत, मग गोळा करावेत. उलटा (डोके खाली) आलेला पत्ता सुरुवातीचे काही महिने सरळ करूनच वाचावा, नाहीतर ७८ अर्थांचे १५६ होतात.

‘लग्न होईल का?’ याला चित्र हो किंवा नाही म्हणू शकत नाही. ‘या स्थळाबाबत माझ्या नजरेतून काय सुटते आहे?’ असे विचारले तर चित्रात शोधायला काहीतरी असते. तीन पत्त्यांच्या जागा (सद्यःस्थिती, अडचण, पुढचे पाऊल) पत्ते काढण्याआधीच ठरवाव्यात. नंतर ठरवल्या की नको तो पत्ता सोयीच्या जागी ढकलला जातो. न आवडलेला पत्ता परत घालून दुसरा काढणे हीही तीच पळवाट. आजारपणाचा प्रश्न मात्र डॉक्टरांनाच विचारावा.

वृत्तपत्रांच्या टॅरो-भविष्यात पुष्कळदा पत्त्याचे नाव आणि निष्कर्ष छापतात, चित्र गाळतात. आपण निदान एका पत्त्याचे चित्र स्पष्ट दिसेल एवढ्या आकारात छापावे, ही विनंती.

— एक टॅरो अभ्यासक, ठाणे